शाही फर्मान आणि आमचे बारा किल्ले

तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो. नाहीतर आमच्या घरात 'किल्ला' आणि 'फर्मान' हे दोन शब्द एका वाक्यात आले की मी उठून बाल्कनीत जातो. गोष्ट माझ्याच गाढवपणाची आहे, त्यामुळे मधेमधे हसलात तरी माझी हरकत नाही. आमची मनीषा तर मी सुरुवात करायच्या आधीच हसायला लागते.

मला बहरीनमध्ये एकोणीस वर्षं झाली. गुदैबियात राहतो, एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे कंपनीत येणारा-जाणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. पानं पुरी आहेत का, सही-शिक्का आहे का, नकाशा जुना की सुधारलेला, हे सगळं मी बघतो. एकदा एका इंजिनियरने भल्याथोरल्या फाइलमधलं एकच पान जोडलं नव्हतं. मी फाइल परत पाठवली. तो माझ्या टेबलाशी येऊन भांडला, पाय आपटत गेला आणि पान घेऊन आला. ऑफिसात मला थोडं घाबरतात. खरं सांगू का, मला ते आवडायचंही.

गुदैबियात आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. मी त्याचा सचिव होतो. 'होतो' हा शब्द नीट ऐका.

दिवाळीच्या सुमारास आम्ही मुलांच्या किल्ल्यांचं प्रदर्शन भरवतो. आता इथे किल्ला करणं म्हणजे काय प्रकार आहे, ते समजून घ्या. इथे अंगण नाही, माती नाही. खाली वाळू आणि वर डांबर. मग रोपवाटिकेतून मातीची पोती आणायची, घरात प्लायवुडच्या फळीवर किल्ला बांधायचा, त्यावर हळीव पेरायचं आणि प्रदर्शनाच्या दिवशी फळीसकट उचलून हॉलमध्ये न्यायचा. हळिवाचं गणित फार नाजूक असतं. आठव्या दिवशी कोवळं, हिरवंगार, बोटभर. बाराव्या दिवशी ते आडवं पडतं आणि किल्ला नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसतो. म्हणून बाराही घरांत पेरणी एकाच दिवशी व्हायची, मी ग्रुपवर हुकूम सोडला की.

त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की दरवेळी आपणच आपली रिबीन का कापायची? ज्या देशात राहतो, तिथलं कोणीतरी मोठं माणूस बोलवावं. आमचे अध्यक्ष पाटणकरकाका बँकेत होते, तिथल्या ओळखीतून त्यांनी एका खासदारांच्या सेक्रेटरीचा नंबर मिळवला. सेक्रेटरीचं नाव जासिम. फोनवर फार गोड बोलला. पत्र पाठवा म्हणाला.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं. तीन संध्याकाळी घालवल्या. मनीषाने वाचलं आणि विचारलं, की नुसतं 'उद्घाटन' लिहायचं सोडून हे 'ओपनिंग सेशन' काय आहे? मी तिला समजावलं की अशा लोकांना अशीच भाषा लागते. ती म्हणाली, बारा फळ्या आणि एक रिबीन, त्याचं सेशन कसलं? मी दुर्लक्ष केलं. पत्रात 'ओपनिंग सेशन' एकूण चार वेळा होतं.

जासिमचा फोन आला की साहेब त्या आठवड्यात फार गडबडीत आहेत, पण प्रयत्न करतील, इंशाल्ला. एकोणीस वर्षांत मला एवढं कळलंय की या शब्दाचा अर्थ 'हो' पासून 'नाही' पर्यंत कुठेही असू शकतो. आम्ही तयारी चालू ठेवली. शुक्रवार, दुपारी चार. पेरण्या झाल्या. आमच्या ईराने, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, बाल्कनीत राजगड उभा केला होता. रोज शाळेतून आली की आधी पट्टी घेऊन हळीव मोजायची आणि मला इंग्रजीत आकडा सांगायची.

बुधवारी दुपारी ऑफिसात जासिमकडून पत्राचे फोटो आले. खासदारांचं लेटरहेड, खाली हिरवा शिक्का, मजकूर सगळा अरबी. मला अरबी किती येतं? आकडे येतात. 'खलास' येतं, 'यल्ला' येतं. पत्र वाचण्याइतकं येत नाही. मी पहिला फोटो फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला दिला. ॲपने जे मराठी काढलं, ते मला आजही पाठ आहे.

'शांतीनंतर. उघडण्याचे सत्र पुढे ढकलण्याबाबत महामहिम राजांचा शाही आदेश निघाला असल्यामुळे, आम्ही आपल्याला कळवू इच्छितो की'

संपलं. 'की' नंतर पान संपलं होतं. खाली कोपऱ्यात एक, तिरकी रेघ, दोन असं अरबी आकड्यांत लिहिलेलं होतं. म्हणजे दोनपैकी पहिलं पान. मी सांगितलं ना, आकडे मला येतात. पण त्या क्षणी मला आकडे कसले दिसताहेत? मला फक्त एवढंच दिसत होतं, की राजेसाहेबांनी आमचं उद्घाटन पुढे ढकललंय.

तुम्ही म्हणाल, अरे माणसा, राजाला काय तुझ्या फळ्यांची पडली आहे? मलाही आधी तसंच वाटलं. पण मग मी विचार केला. विचार केला इथेच चुकलं. मला वाटलं, परदेशी लोकांचा कार्यक्रम, त्यात किल्ल्यांचा. खासदारांनी वर विचारलं असेल. वरच्यांनी आणखी वर विचारलं असेल. सगळ्यात वर कोण? बरोबर.

तरीही मी खात्री करून घेतली. तेवढा मी पक्का आहे. आमच्या ऑफिसात सामी नावाचा एक इजिप्तचा माणूस आहे, करारांचं काम बघतो, अरबी त्याची मातृभाषा. तो घरी निघाला होता, खांद्याला बॅग. मी फोन त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "हे ओपनिंग सेशन पुढे ढकललंय, असंच लिहिलंय ना?"

त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "हो. शाही आदेश आहे. तुला आत्ता कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सकाळी टीव्हीवर सांगितलं की. पेपरातही आलंय."

"आमचं? टीव्हीवर?"

"तुमचं, आमचं, सगळ्यांचंच," सामी म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला.

आता बघा, त्याचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. बहरीनच्या संसदेचं नवं अधिवेशन त्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. राजेसाहेब स्वतः येतात, सोहळा असतो, भाषण होतं. ते पुढे ढकलल्याचा शाही आदेश निघाला होता आणि अख्ख्या देशाला ते ठाऊक होतं. मला नव्हतं. एकोणीस वर्षांत मला मनामाच्या बाजारात सुरमई कोणत्या वारी ताजी मिळते ते पाठ झालंय, पण संसद कधी भरते हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी टेबलाशी बसलो. घाम फुटला होता, पण खोटं कशाला बोलू, आतून थोडी छातीही फुगली होती. आमच्या मंडळाच्या इतिहासात आतापर्यंत दोनच कार्यक्रम पुढे ढकलले गेले होते. एक हॉलचा एसी बिघडला म्हणून आणि एक पेटीवादकाला कांजिण्या झाल्या म्हणून. शाही फर्मानाने पुढे ढकलला गेलेला हा पहिलाच.

ग्रुपवर मी मजकूर टाकला: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की महामहिम राजेसाहेबांच्या शाही आदेशान्वये आपल्या किल्ले प्रदर्शनाचे उद्घाटन पुढे ढकलण्यात आले आहे. नवीन तारीख राजदरबाराकडून आल्यावर कळवू.' सोबत लेटरहेडचा फोटो. पहिल्या पानाचा.

मग सुरू झालं. कोणी विचारलं, राजेसाहेबांना आपले किल्ले कळले कसे? कोणी लिहिलं, मुलांना सांगा, केवढी मोठी गोष्ट आहे. एका बाईंनी साबुदाणेवड्यांसाठी भिजवायला काढलेला साबुदाणा परत डब्यात भरल्याचं जाहीर केलं. पाटणकरकाकांचा फोन आला. हे पत्र फ्रेम करून ठेवू, असं ते म्हणाले. मूळ प्रत मिळते का बघ, असंही म्हणाले.

घरी मात्र वेगळंच. मनीषाने पत्र मागितलं. मी भाषांतर दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "हे वाक्य अर्धंच आहे."

मी म्हणालो, ॲपचं मराठी आहे, तसंच असतं. सामीने स्वतः वाचलंय. टीव्हीवर आलंय. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. ती वाद सोडून उठली की पुढे काहीतरी होतं, हे मला चौदा वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

ईराला सांगणं अवघड गेलं. ती आधी खूश झाली, राजाला आपला राजगड माहीत आहे म्हणून. मग तिने हळिवाकडे बघितलं. शुक्रवारपर्यंत ते बरोबर बोटभर होणार होतं. तिने विचारलं, "डझ ही नो अबाउट द ग्रास, बाबा?" मी म्हटलं, राजांना सगळं माहीत असतं. ती म्हणाली, मग त्यांनी पुढे का ढकललं? त्या संध्याकाळी तिने पट्टी आणलीच नाही.

ते बघून मला काय वाटलं कोण जाणे, मी जेवणाआधी बसलो आणि जासिमला एक उत्तर लिहिलं. इंग्रजीत, मनापासून. त्याचा अर्थ असा होता: शाही आदेशाचा आम्ही नम्रपणे आणि आनंदाने स्वीकार करतो. महामहिमांना जो दिवस योग्य वाटेल, तोच उद्घाटनाला योग्य, अशी आमची श्रद्धा आहे. मात्र जी हिरवळ आम्ही इतक्या मायेने वाढवली आहे, ती या विलंबाने कोमेजू नये, एवढीच प्रार्थना. खाली सही, श्रीकांत दळवी, सचिव.

जासिमचं उत्तर आलं. हात जोडलेले आणि एक फूल. मी म्हटलं, चला, हिरवळीचं वर पोचलं.

शुक्रवार मोकळाच झाला होता. ईराचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून आम्ही झल्लाकला समुद्रावर गेलो. ऑक्टोबरातलं पाणी छान असतं. मी गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि एक जुना बनियनसारखा टी-शर्ट घालून पाण्यात उतरलो. ईरा किनाऱ्यावर वाळूत काहीतरी बांधत होती. मी विचारलं नाही, काय ते.

पावणेचारला फोन वाजला. आमच्या हॉलचे रखवालदार, बशीरभाई म्हणून केरळचे म्हातारे गृहस्थ आहेत. ते हिंदीत अगदी शांतपणे सांगत होते की हॉलसमोर एक मोठी काळी गाडी उभी आहे, त्यातून पांढऱ्या कपड्यातले एक साहेब आणि दोन लहान मुलं उतरली आहेत, आणि ते विचारतायत की कार्यक्रम इथेच ना?

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलं?

"मैंने बोला, हां जी, अंदर किला है."

"कौनसा किला?"

"वाहिदभाई का."

वाहिदभाई म्हणजे मुरूडचे. रायगड जिल्ह्यातलं मुरूड. तीस वर्षांपासून मनामाच्या बाजारात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे, अरबी अस्खलित. मंडळाचे सर्वांत जुने सभासद, पण रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या फोटोंना कंटाळून त्यांनी आमचा ग्रुप केव्हाच सोडला होता. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. कळवायचं काम सचिवाचं असतं. ते ठरल्याप्रमाणे नातीला आणि किल्ल्याला घेऊन दोन वाजल्यापासून हॉलमध्ये बसले होते, आणि बाकीचे लोक वेळ पाळत नाहीत म्हणून चिडले होते.

कपडे बदलायला वेळ नव्हता. तसेच गाडीत बसलो. मनीषाने माझा फोन घेतला, जासिमचा मेसेज उघडला आणि दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. तो मी तोवर उघडलाच नव्हता. तिने तो ॲपला दिला आणि वाचायला लागली. मी गाडी चालवत होतो.

"श्रीकांत," ती म्हणाली, "'की' च्या पुढे आहे."

"काय आहे?"

"संसदेचं सत्र पुढे गेल्यामुळे माननीय सदस्यांना आता वेळ मिळाला आहे, आणि ते शुक्रवारी चार वाजता आपल्या कार्यक्रमाला प्रतिनिधी न पाठवता स्वतः, नातवंडांसह, आनंदाने येतील."

मागच्या सीटवरून ईराने विचारलं, म्हणजे राजाने आपलं नाही ढकललं? मनीषा म्हणाली, नाही गं, राजाने स्वतःचं ढकललं. आपलं बाबांनी ढकललं.

मग तिने स्वतःचा फोन काढला. ग्रुपवर तिने लिहिलेला मजकूर दोन ओळींचा होता: 'फर्मान संसदेचं होतं, आपलं नाही. खासदार हॉलवर आले आहेत, असाल तसे किल्ले घेऊन निघा.' मी तीन संध्याकाळी घालवून जे पत्र लिहिलं होतं, त्यापेक्षा हे कितीतरी सरळ होतं, हे मला मान्य करावं लागलं.

आधी आमच्या इमारतीपाशी गाडी थांबवली. मनीषा आणि ईरा राजगड आणायला वर पळाल्या. मी हॉलवर गेलो.

आत काय दिसलं सांगतो. एवढ्या मोठ्या हॉलच्या मधोमध एकच टेबल. टेबलावर निळं प्लास्टिकचं टोपलं, त्यात पाणी, पाण्यात मुरूडचा जंजिरा. बाजूला खासदारसाहेब, त्यांची दोन नातवंडं आणि वाहिदभाईंची नात, सगळे टोपल्यावर वाकलेले. वाहिदभाई अरबीत सांगत होते आणि खासदार मान हलवत होते. मला नंतर कळलं, खासदारांचे पणजोबा गलबतावर होते आणि लाकूड आणायला कोकणच्या बंदरांत जायचे. घरात पिढ्यान् पिढ्या ऐकलेली त्या बंदरांची नावं हा मुरूडचा माणूस धडाधड घेत होता. त्या दोघांना बाकी अकरा किल्ल्यांची आणि माझीही काही गरज नव्हती.

तेवढ्यात मी दारात. ओली चड्डी, पोटऱ्यांपर्यंत वाळू, पायात एक चप्पल ईराची. दुसरी माझीच होती.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात वाहिदभाई पुढे आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि खासदारांना अरबीत काहीतरी सांगितलं. मला त्यातला 'रमल' एवढा एकच शब्द कळला. रमल म्हणजे वाळू.

"काय सांगितलंत?" मी हळूच मराठीत विचारलं.

"तुम्ही आमचं वाळूचं बघता म्हणून सांगितलं. किल्ल्यांना वाळू लागते, ती आणायला गेले होते म्हटलं. अशा अवतारात तुम्हाला सचिव म्हणून कसं सांगू, दळवीसाहेब? मंडळाची काही अब्रू?"

खासदार माझ्याशी इंग्रजीत बोलले. फार सभ्य माणूस. वाळू कुठून आणता, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, झल्लाकहून. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली. समुद्रकिनाऱ्याची वाळू उचलायला परवानगी लागते, असं ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली आणि ते म्हणाले, "एवढी चालेल."

मी ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. शपथेवर सांगतो, मी वाक्यही जुळवलं होतं. पण मी सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी वाहिदभाईंना इंग्रजीतच विचारलं की तुमचे सचिव, मिस्टर दळवी, कुठे आहेत? मला त्यांना मुद्दाम भेटायचं आहे. आणि खिशातून चष्मा काढून त्यांनी फोनवर मी जासिमला पाठवलेलं उत्तर उघडलं.

"हे वाचलंत का?" त्यांनी मला विचारलं. "आमचं अधिवेशन पुढे गेलं, तर एका भारतीय माणसाने त्याबद्दल असं लिहावं? जी हिरवळ आम्ही मायेने वाढवली आहे, ती या विलंबाने कोमेजू नये. हिरवळ म्हणजे आमची संसद. किती सुंदर विचार आहे. मी हे चार सदस्यांना वाचून दाखवलं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं."

आता तुम्हीच सांगा, यावर मी काय बोलायला हवं होतं? की साहेब, हिरवळ म्हणजे हळीव? बाल्कनीतलं?

वाहिदभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पत्राचं काहीच माहीत नव्हतं, पण बाजारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा वाचता येतो. ते थांबले, माझ्यावर सोडलं.

मी म्हणालो, "मिस्टर दळवी सुट्टीवर इंडियाला गेलेत."

"अरेरे," खासदार म्हणाले. "कवी असणार."

मी म्हटलं, थोडे आहेत.

आणि मग दारातून किल्ले यायला लागले. गुदैबियाच्या गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, म्हणून लोक फळ्या हातात धरून चालतच निघाले होते. आधी ईरा आणि मनीषा राजगड घेऊन. ईराच्या नाकावर घाम होता आणि ती मनीषाला मराठीत ओरडत होती, "आई, सरळ धर, माची पडतेय." इतकं सलग मराठी ती पहिल्यांदाच बोलली असेल. मागून पाटणकरकाका, घरच्या लेंग्यात, नातवाचा सिंहगड एकटेच पोटाशी धरून. मग आणखी चार-पाच घरं. एकाचा बुरूज रस्त्यातच गेला होता, तो त्यांनी वेगळ्या पिशवीत आणला होता. दोन घरांनी माझा मेसेज वाचून किल्ला मोडून टाकला होता. त्यांची मुलं रिकाम्या फळ्या घेऊन आली आणि इतरांच्या शेजारी त्या मांडून बसली. त्यांच्याकडे मला बघवेना. नंतर त्या दोन्ही घरी मी जाऊन माफी मागितली आणि तीन शनिवार बसून किल्ले पुन्हा बांधून दिले, पण त्या दिवशीचं ते त्या दिवशीच राहिलं.

खासदारांनी प्रत्येक टेबलापाशी थांबून नाव विचारलं. ईराच्या राजगडावरून त्यांनी हलकेच हात फिरवला आणि तिला विचारलं, किती दिवसांचं आहे? तिने सांगितलं, आठ. ते म्हणाले, अगदी वेळेवर आलो तर.

मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ होत आली तसे ते निघाले. रिबीन होती माझ्या घरी, कपाटात. पाटणकरकाकांनी कार्यक्रम झाल्याचं तोंडीच जाहीर केलं. फोटो काढताना कोणीतरी मला म्हणालं की तुम्ही जरा बाजूला व्हा, चड्डी येतेय.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. कोणी मला रागावलं नाही, हे जास्त लागलं. पाटणकरकाका फक्त एवढं म्हणाले की फ्रेम आणली होती, आता तिच्यात काय घालू? सचिवपद मी स्वतःहून सोडलं. सगळ्यांनी इतक्या चटकन मान्य केलं की मी राजीनाम्याचं कारण सांगायला उभा राहिलो होतो, तो तसाच बसलो. नवे सचिव एकमताने वाहिदभाई. त्यांनी एकच अट घातली, की ते ग्रुपमध्ये परत येणार नाहीत.

या गोष्टीला तीन दिवाळ्या झाल्या. खासदारसाहेब दरवर्षी न चुकता येतात, आता त्यांची नातवंडंही एक किल्ला घेऊन येतात. मला ओळखतात, हात मिळवतात, पायांकडे बघून हसतात. आणि दरवर्षी विचारतात की ते पत्र लिहिणारे मिस्टर दळवी या वेळी तरी भेटतील ना? मी दरवर्षी सांगतो की सुट्टीवर गेलेत.

गेल्या वर्षी ते जरा विचारात पडले. म्हणाले, "तीन वर्षं सुट्टी? त्यांची कंपनी फार चांगली दिसते. कोणती?"

मी माझ्याच कंपनीचं नाव सांगितलं आणि मातीचं पोतं उचलायला खाली वाकलो.